तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा जुना बास लग्नात का वाजवता?

हळदीचा कार्यक्रम संपला की स्टेजच्या कडेला कोणीतरी थांबलेलं असतंच, कधी नवरदेवाचा मित्र, कधी कॉलेजातला गिटार शिकणारा मुलगा, आणि प्रश्न ठरलेला. दादा, हा बास, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा गिटार, चाळीस वर्षांचा आहे म्हणता, असे आता मिळत नाहीत म्हणता, मग हा लग्नाच्या धुळीत कशाला आणता, घरी कपाटात का नाही ठेवत? तिथे केबल गुंडाळता गुंडाळता मी काहीतरी दोन शब्द बोलतो आणि टेम्पोत बसतो, नीट उत्तर राहूनच जातं. म्हणून आज लिहितो.

माझं भुसावळला इलेक्ट्रिकलचं दुकान आहे आणि लग्नाच्या सीझनला ऑर्केस्ट्रा, जळगाव, अमळनेर, पारोळा, धुळे, जिथून सुपारी येईल तिथे. बास तीन आहेत. एक कोलकात्याला बनलेला, त्यावर मी शिकलो. दुसरा जपानचा आरिया प्रो टू एसबी-१०००, मात्सुमोकूच्या कारखान्यातला, ८० च्या दशकाच्या सुरुवातीचा, आणि तो कारखाना १९८७ ला बंदच झाला. तिसरा ब्रुकलिनचा स्पेक्टर एनएस-२, माझ्या आतेभावाने न्यू जर्सीहून येताना हातात धरून आणला, लगेजमध्ये टाकला नाही, त्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. स्पेक्टरसारख्या बासला बुटिक म्हणतात. आरियाला खरं तर बुटिक म्हणता येणार नाही, तो फॅक्टरीचाच, पण घडण त्याच वळणाची. बुटिक म्हणजे चार-पाच माणसांच्या वर्कशॉपमध्ये, कुणा एका वाजवणाऱ्याचं ऐकून बनवलेलं वाद्य.

आणि माझं उत्तर इथूनच सुरू होतं. हे बास जन्मालाच स्टेजसाठी आले. कॅलिफोर्नियात अलेम्बिक नावाचं वर्कशॉप १९६९ मध्ये सुरू झालं ते ग्रेटफुल डेड या बँडच्या साउंडच्या कामातून. मोठ्या मैदानात बास स्पष्ट ऐकू यायला पाहिजे म्हणून त्यांनी प्रीॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं छोटं सर्किट, थेट बासच्या पोटातच बसवला, आणि पहिला बास बनवला तो जेफरसन एअरप्लेन बँडच्या जॅक कॅसडीसाठी. न्यूयॉर्कचा बास वाजवणारा अँथनी जॅक्सन म्हणायचा की मला चार तारा पुरत नाहीत, खाली बी आणि वर सी अशा अजून दोन पाहिजेत, मग १९७५ मध्ये वाद्य बनवणाऱ्या कार्ल थॉम्पसनने त्याला सहा तारांचा बास बनवून दिला. माझ्या स्पेक्टरचा आकार नेड स्टाइनबर्गर या डिझायनरचा, १९७७ चा. त्याची पाठ आतून वळलेली आहे, पट्टा गळ्यात घातला की बरगडीला असा चिकटून बसतो की चार तास उभं राहून वाजवलं तरी टोचत नाही. आता मला सांगा, ज्याने ती पाठ तासली तो माणूस हे कपाटासाठी करत होता का?

तरी लोकांचं ऐकून मी एकदा आरिया ठेवून दिला होता. एका वर्षी सीझन कमी होता, सगळे म्हणाले जप, तर केसमध्ये घालून पोटमाळ्यावर ठेवला, मार्च ते जून. आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री म्हणजे रोजचंच, आणि पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर किती होत असेल ते देवाला माहीत. जूनमध्ये केस उघडली आणि नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, कडेवरून हात फिरवला तर करवतीवरून फिरवल्यासारखा. नेकवर चिकटवलेल्या फळीचं लाकूड सुकून आकसलं होतं, फ्रेटची, म्हणजे तिच्यात आडवी बसवलेली, धातूची पट्टी काही आकसत नाही, त्यामुळे प्रत्येक फ्रेटचं टोक बाहेर आलेलं. नेक मागे वाकलेला, पहिल्या पाच फ्रेटवर तारा नुसत्या खडखडत होत्या. मागचं झाकण उघडलं तर बॅटरी फुटून पांढरी-हिरवी पूड वायरवर पसरलेली. तेव्हा खूप वाईट वाटलं, माझ्याच हाताने झालं ना.

बाजूला मास्किंग टेप लावून बारीक कानसीने एकेक टोक घासत बसलो, चोवीस फ्रेट, दोन्ही कडा, तीन रात्री गेल्या. आणि हे सांगायलाच हवं की आरिया आणि स्पेक्टर या दोन्ही बासचा नेक स्क्रूने लावलेला नाही, डोक्यापासून बॉडीच्या बुडापर्यंत तीच पट्टी सलग जाते आणि दोन बाजूंना पंख चिकटवलेले. त्यामुळे स्वर लांब टिकतो, वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज जातो, पण नेक एकदा पिळला की बदलून दुसरा लावता येत नाही, बासच गेला.

वाजवत असलो की असं होत नाही, म्हणजे होतं पण आठवड्याभरात कळतं. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली बघायचं, व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट पाहिजे. उन्हाळ्यात फट जाते, मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, पाव फेरा सैल करायचा. पावसाळ्यात नेक पुढे झुकतो, पाव फेरा आवळायचा. आणि खान्देशातल्या वाजवणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो, कूलरच्या समोर बास ठेवू नका, दिवसभर कोरडं आणि रात्री ओली हवा, नेकला हे अजिबात सोसत नाही. वाजवून झालं की केबल काढा, कारण ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचा प्रीॲम्प असलेल्या, बासमध्ये केबल लावली की बॅटरी चालू होते आणि तुम्ही झोपलात तरी ती खर्च होतच राहते.

लाकडाचं अजून एक. स्पेक्टरची फळी रोझवूडची आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन गिटारवाले ब्राझीलच्या रोझवूडऐवजी मोठ्या प्रमाणावर भारतीय रोझवूड वापरायला लागले, आणि १९९२ पासून तर ब्राझिलियनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीच आहे. भारतीय रोझवूड म्हणजे आपलं शिसव. आजीच्या घरी शिसवी पलंग होता, त्याच्या पायाला हात लावला की कसा गार आणि गुळगुळीत लागायचा, तोच गारवा मला या फळीवर जाणवतो. ते लाकूड नेमक्या कुठल्या जंगलातलं ते मी कसं सांगणार, पण एसी म्युझियमपेक्षा अमळनेरच्या मांडवात ते जास्त घरचं वाटतं मला.

अमळनेरचंच सांगतो. मे महिन्यातली हळद, जनरेटरवर स्टेज, वर एलईडीच्या माळा, साउंडमध्ये बूंऽऽ असा हम. आपल्या लाइटची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, आणि बासच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झ, म्हणजे हम चालू असला की तो जी कायम बेसूर लागतो, नुसता घोळ होतो. अलेम्बिकवाल्यांनी दोन पिकअपच्या, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकांच्या, मधे फक्त हम मारण्यासाठी एक वेगळी कॉइल बसवली होती, ती का बसवली ते अशा मांडवात उभं राहिल्यावर कळतं. त्या दिवशी स्पेक्टर लावला आणि माझ्या लाइनमधला हम गेला. बाकी कीबोर्डचा होता तो राहिला.

बास कॅबिनेटच्या अगदी जवळ खुर्ची टाकून एक आबा बसले होते, पांढरी टोपी, हातात चहा. मी म्हटलं आबा, लांब बसा, त्रास होईल. ते उठले नाहीत. मी मोकळी ई वाजवली, ४१ हर्ट्झ, मोबाईलच्या स्पीकरमधून हा आवाज बाहेरच येत नाही, म्हणून तर पोरं म्हणतात बास ऐकूच येत नाही. आबांनी चहा खाली ठेवला, हात छातीवर नेला आणि म्हणाले, "भो, हाई काय शे? छातीमा लागस." मग पूर्ण कार्यक्रमभर तिथेच. शेवटी जवळ येऊन तारा मोजल्या, चारच आहेत म्हणून पुन्हा एकदा मोजल्या.

स्पेक्टरवर त्या रात्री एक चरा पडला, खालच्या कडेला, खुर्चीचा. दिसतो. बुजवला नाही.

प्रत्येक केसमध्ये मी शाळेची एक वही ठेवतो, पुढे हा बास ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी, कारण माझ्या आधी तो कोणी वाजवला, कुठे वाजवला, हे मला कुठेच लिहिलेलं मिळालं नाही. त्यात त्या दिवसाची नोंद आहे: अमळनेर, हळद, रॉड पाव फेरा सैल, नवी बॅटरी, डी तार बदलली, चरा एक.