चाळीस मीटरचा इनव्हर्टेड व्ही: तार जमली, टकटक उरली

कापसाची तिसरी वेचणी आटोपली, तेव्हा कुठं हौशी रेडिओच्या चाळीस मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) अँटेनाची तार पऱ्हाटीतून ओढायला वाट झाली. गुलेलीनं नायलॉनची दोरी धुऱ्यावरच्या कडुनिंबावरून टाकली आणि मधला जोड नऊ मीटरवर चढवला. दोन्ही टोकं अडीच मीटरवर बांबूंना बांधली, झाला इनव्हर्टेड व्ही, म्हणजे उलटा व्ही. टोकं त्याहून खाली नकोत, बैल फिरतात आणि ट्रान्समिटच्या वेळी टोकालाच सगळ्यात जास्त व्होल्टेज असतं.

तार घरच्या वायरिंगची, दीड स्क्वेअर एमएम. अर्ध्या लहरीच्या तारेची लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झनं भागतात; ७.१ साठी २०.१४ मीटर येतात, म्हणजे एक पाय १०.०७. मी मुद्दाम १०.३० ठेवला. नॅनो व्हीएनए हे अँटेना मोजायचं छोटं यंत्र लावलं तर आलेखातला खड्डा, म्हणजे तार जिथं जुळते ती फ्रिक्वेन्सी, ६.८२ वर! पीव्हीसीचं आवरण असलं की तार विजेच्या हिशेबानं लांब पडते, आणि टोकं जमिनीजवळ आली की आणखी. १०.३० गुणिले ६.८२ भागिले ७.१, उत्तर ९.८९. कापली नाही, आधी ३८ सेंटिमीटर दुमडली, मग आणखी ३. खड्डा ७.१० वर आला, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.२. फार बरं वाटलं.

पण रात्री रेडिओ लावला तर टक... टक... टक, साधारण सेकंदाला एक. रेडिओ बॅटरीवर होता आणि अँटेना काढली की आवाज बंद, म्हणजे बाहेरूनच येत होता. रानडुकरांसाठी लावलेली, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी शेजारची झटका मशीन! एसडब्ल्यूआर कितीही सुंदर असो, ऐकूच येत नसेल तर तार टांगून काय उपयोग? आधी गोंगाट शोधा, हे मी आता प्रत्येकाला सांगणार.

शेजारच्या काकांना विचारलं, "काकाजी, मशीन पाच मिनिटं बंद करू का?"

"पाच मिन्टंच कर बाप्पा, डुकरं टपूनच हायेत."

बंद केली, बँड शांत. चालू करून मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घेऊन कुंपणाच्या कडेनं चाललो. कोपऱ्याच्या खांबाशी टकटक सगळ्यात मोठी. टॉर्च विझवला तर तडकलेल्या इन्सुलेटरवर दर ठोक्याला बारीक निळी ठिणगी. मशीन पुन्हा बंद करून इन्सुलेटर बदलला, तारेला टेकलेलं गवत काढलं. टकटक गेली, आणि तिच्याखाली दबलेली दोन स्टेशनं स्पष्ट वर आली.

पुढं याच जोडाला वीस मीटर बँडसाठीचे पाय लावायचे आहेत. त्यानं चाळीसचा खड्डा थोडा सरकेल, म्हणून दुमडलेली तार अजून तशीच ठेवली आहे.