जाणार हे माहीत असताना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माई गेल्यापासून बऱ्याच जणांनी मला हे विचारलं, कुणी आडून, कुणी सरळ: "नव्वदी ओलांडलेल्या बाई, आज ना उद्या जाणार हे दिसत होतं, मग एवढा जीव कशाला लावलात?" मला त्रास होतोय हे बघवत नाही म्हणून माणसं विचारतात, ते मला कळतं. पण त्यांना वाटतं, एका एकट्या म्हातारीला मी सोबत केली. तसं नव्हतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या घटनेबद्दल पुण्यात मला एकाच माणसाशी बोलता आलं, आणि ते माणूस म्हणजे माई.

मी लोहारा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. आमच्याकडची घरं दगडमातीची, वर माळवद. लाकडांवर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात घर गार ठेवणारा. तेच अंगावर आलं. माझी धाकटी बहीण त्यात गेली. पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग नव्या गावठाणात घर मिळालं. शिकायला आणि नंतर नोकरीला पुण्यात आलो. किल्लारीच्या बाजूचा म्हटलं की लोक विचारायचे, किती माणसं गेली हो? आकडा सांगितला की विषय संपायचा.

माई आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. सहकारनगरच्या भागात पानशेतच्या पूरग्रस्तांच्या सोसायट्या आहेत, त्यातलीच ही एक. मी वरच्या मजल्यावर भाड्याने आलो होतो. एक दिवस त्यांनी हाक मारली. मोलकरणीने साफसफाईसाठी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली होती आणि ती परत वर चढवायची होती. माळा नेमका त्यांच्या पलंगाच्या वर. मी ट्रंक उचलून पाहिली आणि म्हटलं, "माई, झोपायच्या जागेच्या वर एवढं जड ठेवू नका." त्या म्हणाल्या, "कागदपत्रं खाली ठेवायची नसतात." दोघंही हट्टाला पेटलो. शेवटी त्यांनीच माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या डोक्यावर काय पडलंय रे?"

मी सांगितलं. मग त्यांनी सांगितलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला तेव्हा त्या चौतिशीत होत्या, नारायण पेठेतल्या एका वाड्यात बिऱ्हाड होतं. लग्नपत्रिका, मुलीचे शाळेचे दाखले, नवऱ्याची नोकरीची कागदं, सगळं खालच्या कपाटात होतं. वाडा पाण्यात उभा राहिला आणि पाणी उतरल्यावर बसला. ती ट्रंक आम्ही शेवटी भिंतीकडच्या कपाटावर ठेवली. उंचही, आणि कुणाच्या डोक्यावरही नाही.

तिथून पुढे रविवारची सकाळ त्यांच्याकडे. बोलणं सगळं दुर्घटनांचंच असायचं असं समजू नका. आम्ही रमी खेळायचो. त्या भिंगाने पेपर वाचायच्या, निधनवार्ता आधी, मग क्रिकेट. माझ्या ऑफिसातल्या प्रत्येक माणसाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. माझं लग्न मोडलं तेव्हा आईपासून मी ते महिनाभर लपवलं, माईंपासून एक दिवसही नाही. त्या म्हणाल्या, "वाईट झालं. आता जेव." पुढ्यात मऊ भात, मेतकूट आणि वर बोटभर तूप.

मात्र मधूनच तो विषय निघायचा. पुरानंतर त्यांनी काही वर्षं गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये काढली होती, अर्धगोल पत्र्याच्या. एका पावसाळी सकाळी त्यांनी विचारलं, "तुमच्या शेडमध्ये पाऊस आला की बोलणं ऐकू यायचं का?" यायचं नाही. आई रडत असेल तर ते आम्हाला पावसात कळायचं नाही, हे मी तोवर कुणालाही बोललो नव्हतो. त्या म्हणाल्या, "मी पाऊस आला की रडून घ्यायची. मुलांना कळत नसे." इतकंच. मग पत्ते वाटले.

त्यांच्या पुराच्या गोष्टीत पळापळ फार नसायची, चिखल असायचा. भिजलेल्या धान्याला सुटलेला वास. पुण्याला पाणी देणारं खडकवासला धरणही फुटलं, त्यामुळे नळ कोरडे. घरभर चिखल आणि तो धुवायला पाणी नाही, हे सांगताना साठ वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढायचा.

खूप वय झालेल्या माणसाशी मैत्री करायची असेल तर एक सांगावंसं वाटतं. त्यांच्यासमोर बसून "जुन्या आठवणी सांगा ना" म्हणू नका. आठवणी फर्माईश केल्यावर येत नाहीत, ट्रंक हलवताना, पाऊस वाजताना येतात. आणि त्यांना आजचंही हवं असतं. माईंना मेट्रो बघायची होती. ऑगस्ट २०२३ मध्ये गरवारे कॉलेजच्या पुढची मार्गिका सुरू झाली, ती डेक्कनपासून नदीच्या कडेने जाते आणि लकडी पुलाच्या वरून. त्यांची मुलगी ठाण्याहून आली होती, ती स्वतः सत्तरीची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. व्हीलचेअर घेऊन तिघं गेलो. पूल खाली दिसला तसं माईंनी काचेला हात लावला. पुराच्या दिवशी हा पूल पाण्याखाली होता. माई मुलीला म्हणाल्या, "बघ, आपण कुठून चाललोय!" आणि इतक्या खुशीत हसल्या की समोरच्या सीटवरचा मुलगाही हसला. परत फिरताना त्यांनी पुन्हा खिडकीकडेच बसायचा आग्रह धरला.

जायचं बोलणं आमच्यात उघड व्हायचं. नातेवाइकांना ते जड जायचं, "असं काय बोलता" म्हणून ते विषय बदलायचे. माईंना आयसीयू नको होतं, नळ्या नको होत्या. असं आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्यता दिली होती, पण त्यात न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. साक्षीदार शक्यतो घरचे नसलेले बरे. त्या कागदावर माझी सही आहे. मी त्यांचा कुणी नव्हतो, म्हणूनच ती चालली.

डिसेंबरात न्यूमोनिया झाला. नेहमीच्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि घरीच उपचार केले. मुलगी आणि मी आळीपाळीने बसायचो. शेवटचे दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. गेल्या तेव्हा मुलीला काही सुचेना. काय करायचं ते माईंनी मला पढवून ठेवलं होतं: पंखा बंद कर, पापण्या मिटव, वर ओला कापूस ठेव, डोक्याखाली उशी दे, नेत्रपेढीला फोन कर, सहा तासांच्या आत. नेत्रदानाला वयाची अट नसते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. मी ते सगळं केलं. हाताला काम होतं तोवर ठीक होतं. वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीचं दार बंद झालं आणि हाताला काही उरलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सुतक नाही, रजा नाही. ऑफिसात विचारलं, "कोण होत्या?" शेजारच्या बाई, म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा सैल झाला. भेटायला आलेले म्हणायचे, सोनं झालं, वय झालं होतं, सुटल्या. हे सगळं खरंच होतं. पण त्यांचं वय झालं होतं, माझं रविवारचं बोलणं कुठे संपत आलं होतं? ज्या माणसाला शेडमधल्या पावसाचा आवाज विचारावासा वाटतो, असं दुसरं माणूस मला मिळेल असं वाटत नाही. शहाण्णव हा आकडा त्याचं उत्तर देत नाही. भूकंपात गेलेल्यांचा आकडा सांगितल्यावर माझी बहीण जशी कुणाला दिसायची नाही, तसंच काहीसं पुन्हा झालं.

मग मी दोन गोष्टी केल्या. माईंच्या मुलीबरोबर बसून ट्रंकेतले कागद लावले. पूरग्रस्त असल्याचा दाखला, हटच्या भाड्याच्या पावत्या, एक न पाठवलेलं आंतरदेशीय पत्र. ते तिने उघडलं नाही, मीही विचारलं नाही. दुसरं म्हणजे गावी गेलो आणि आईला पावसाचं ते विचारलं. आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "तुला कुणी सांगितलं रं?" मी माईंबद्दल सांगितलं. बहिणीचं नाव त्या रात्री घरात कितीतरी वर्षांनी कुणीतरी मोठ्याने घेतलं. आईने माईंचा फोटो मागितला आणि बराच वेळ पाहिला. तेव्हापासून मी थोडा थोडा झोपायला लागलो.

जीव का लावला, याला माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही. जाणार हे त्यांनाही माहीत होतं, तरी त्यांनी माझ्यावर लावलाच.

आणि तुमच्या ओळखीत कुणाचं असं माणूस गेलं असेल, तर त्याला वय विचारू नका. आमच्या ऑफिसात एक नवीन मुलगी आली आहे. तिने डबा खाताना सहज विचारलं, "त्या रमीत लबाडी करायच्या का?" जेवणाची सुट्टी संपली तरी मी बोलत होतो. करायच्या. जोकर पदराखाली ठेवायच्या, आणि पकडलं की म्हणायच्या, "माझं वय बघ, मला दिसत नाही."