सर, आत घेईना!

मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषेत लोक आत का येत नाहीत, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगली-मिरजेत मी कार्यक्रमांतून मोबाइलवरची प्रश्नमंजूषा घेतो. पडद्यावर पिन, म्हणजे खेळात शिरायचा आकडा, झळकतो, लोक आपापल्या फोनच्या ब्राउझरमधून आत येतात आणि उत्तरं देतील तशी पडद्यावरची नावं वरखाली होतात. शाळेतल्या बाई, सोसायटीचे सेक्रेटरी, गणपती मंडळाची पोरं, सगळे मला एकच विचारतात: आम्ही घेतलं की निम्मी माणसं आतच येत नाहीत, त्याचं काय करायचं?

पहिली गोष्ट, ‘नेट नाही’ हे उत्तर लगेच मान्य करायचं नाही. आपल्याकडं काहीही अडलं की बिल रेंजवर फाडतात. मी खुर्चीपाशी जातो आणि विचारतो, “काकू, स्क्रीनवर काय दिसतंय?” पान उघडतच नाही, पान उघडलंय पण पिन घेत नाही, किंवा आत होते पण मध्येच बाहेर पडले, यातलं काहीतरी एक निघतं. तिन्ही दुखणी वेगळी, आणि पहिल्याचं औषध तिसऱ्याला देऊन उपयोग नसतो.

पिन घेत नसेल तर आधी कीबोर्ड बघा. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असला की आकडे कधीकधी देवनागरी पडतात. आपल्याला ४ वाचता येतो, पण पिनच्या चौकटीला बऱ्याचदा इंग्रजी आकडाच लागतो. माणूस बरोबर पिन टाकतो आणि चूक म्हणून परत येतो, वर आपल्यालाच ऐकवतो. दुसरं कारण आयोजकाचं. कहूटसारख्या प्रश्नमंजूषेच्या गेममध्ये खेळ सुरू केला की दर वेळी नवा पिन मिळतो. आदल्या दिवशीच्या तालमीतला पिन पत्रिकेवर छापून ठेवला असेल, तर तो कधीच मेलेला असतो.

क्यूआर कोडची तर वेगळीच मजा. स्कॅन म्हटलं की निम्मं सभागृह पैसे भरायचं ॲप उघडतं, आणि ते ॲप हा कोड चालत नाही म्हणून सांगतं. कॅमेऱ्यानं स्कॅन करा, असं मी माइकवरून आधीच दोनदा सांगतो. कोड शेवटच्या रांगेतूनही टिपता आला पाहिजे, म्हणून तो पडद्याच्या कोपऱ्यात न टाकता अख्ख्या पडद्यावर लावतो. ज्यांना साइटचा पत्ता टाइप करायचाय त्यांच्यातले काहीजण तो गुगलच्या शोधात टाकतात आणि भलत्याच साइटवर जातात.

पान उघडतच नसेल, तर मात्र खरोखर नेटकडं बघावं लागतं. मंगल कार्यालयाचा वायफाय राउटर साधारण घरगुतीच असतो. तो प्रत्येक फोनला एक अंतर्गत पत्ता, म्हणजे ओळखीचा आकडा (आयपी ॲड्रेस), देतो. नेहमीच्या मांडणीत असे पत्ते फार तर २५४, आणि कित्येक राउटरमध्ये त्याहून कमीच ठेवलेले असतात. शिवाय दिलेला पत्ता लगेच परत येत नाही, बहुधा दिवसभर त्याच फोनच्या नावावर राहतो. सकाळी तिथं लग्न झालं असेल तर वऱ्हाड जेवून घरी गेलं तरी त्याचे पत्ते अडकलेलेच, आणि संध्याकाळच्या तुमच्या पाहुण्यांच्या फोनवर नुसतं ‘कनेक्ट होत आहे’ फिरत राहतं. राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याला आधीच गाठून पत्त्याची मुदत तासाभरावर आणून घ्या. तेही जमलं नाही, तर निम्म्या लोकांना वायफाय बंद करून स्वतःच्या डेटावर यायला सांगा.

या निम्म्या-निम्म्यानं दुखणंही कळतं. डेटावाले झटकन आत आले आणि वायफायवाले बाहेरच राहिले, तर दोष हॉलच्या जोडणीत. बाहेरून सगळं वायफाय एकाच पत्त्यावरून आल्यासारखं दिसतं, त्यामुळं एका मिनिटात शंभर जण धडकले की एखादा सर्व्हर संशय घेऊन दार लावतो. उलट डेटावालेच अडले, तर वरचं पत्र्याचं छप्पर रेंज अडवतंय का बघा. दोन्हीकडचे ठराविक आकड्यापाशी थांबले, तर गेमचा फुकटचा प्लॅन भरलाय. ही मर्यादा प्रत्येक कंपनीची निराळी आणि ती बदलतही असते, म्हणून कार्यक्रमाच्या आठवड्यात स्वतः तपासा.

मध्येच बाहेर पडणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा फोन झोपणं हेच असतं. स्क्रीन काळी झाली, फोन आला, बॅटरी सेव्हरनं पान गोठवलं की जोडणी तुटते. त्याच टॅबमध्ये पान रीफ्रेश केलं तर बहुधा जागा परत मिळते. नवीन टॅब उघडला की ‘हे नाव आधीच घेतलंय’ म्हणून अडवतात, मग नावापुढं एक अक्षर जोडायचं आणि आधीचे गुण गेले असं समजायचं. त्यावरून भांडण होतं, विशेषतः बक्षीस मिक्सरचं असेल तर.

म्हणून माझा पहिला प्रश्न बिनगुणांचा असतो, अगदी सोपा, कृष्णा नदी सांगली जिल्ह्यात कोणत्या जिल्ह्यातून येते असला. उत्तरापेक्षा मला पडद्यावरची संख्या बघायची असते. ती खुर्च्यांच्या मानानं कमी वाटली तर थांबून फिरतो, नाहीतर पुढं जातो. फोन हटूनच बसलेल्याला शेजारच्याच्या नावात घालतो. जोडीचं एक नाव, एक फोन. बक्षीस मात्र दोघांत वाटून, हे आधीच माइकवर सांगायचं.