शरणपूरचं गाठोडं

केनियातल्या मोंबासात न्यालीकडून शहरात जायचं तर मातातू, म्हणजे इथली मिनीबस, पकडायची. कंडक्टर दाराला लटकून "केंगेलेनी, केंगेलेनी" असा पुकारा करत असतो. केंगेले म्हणजे स्वाहिलीत घंटा. त्या चौकात खरंच एक जुनी घंटा आहे, फ्रीअर टाउन या मुक्त केलेल्या गुलामांच्या वस्तीची. गुलाम पकडणारे चालून आले की ती वाजवून वस्तीला सावध करत. त्या वस्तीतली कितीतरी माणसं आपल्या नाशिकहून आलेली होती, हे मला इथे राहायला आल्यावर कळलं. तेव्हापासून मी त्यांच्यावर कादंबरी लिहिते आहे.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून मी कॉलेजची सगळी वर्षं सायकल मारली. हे नाव कसं पडलं, हे कधी कुणाला विचारलं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं आरमार गुलामांची गलबतं समुद्रात अडवायचं. त्यांवरच्या काही आफ्रिकी मुलांना मुंबईत उतरवलं जाई आणि तिथून त्यांतली काही चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वस्तीत येत. तिथे ती इंग्रजी शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. १८६६ मध्ये आफ्रिकेचा शोध घेणारा प्रवासी लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर या शाळेतली मुलं होती. मे १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या आत दूरवर वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचा देह कित्येक महिने चालत किनाऱ्यावर आणला. त्यांच्यातला जेकब वेनराइट नाशिकच्या शाळेत शिकलेला. लिव्हिंगस्टनचं हृदय जिथे पुरलं तिथल्या झाडावर अक्षरं कोरली ती त्याने, आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीलाही तो हजर होता.

माझी कादंबरी मात्र जेकबची नाही. १८७५ मध्ये फ्रीअर टाउन वसलं आणि शरणपूरची माणसं इकडे आणली गेली, त्यांच्यातल्या एका कल्पित मुलीची आहे. लोक म्हणणार, ती आपल्या खंडात परत आली. पण तिला कळायला लागलं ते गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी. आईची भाषा विसरलेली, किनाऱ्यावरची स्वाहिली येत नाही, आणि इथले लोक या सगळ्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात. तिच्यासाठी परदेश कोणता, नाशिक की मोंबासा? मला इथे दुकानाला 'डुका' म्हणताना, चपातीला चपातीच म्हणताना ऐकून पहिल्या आठवड्यात केवढा धीर आला होता! तिलाही बंदरावर असा एखादा ओळखीचा शब्द सापडला असेल, असं मी धरून चालले आहे.

निघण्याच्या दिवसापाशी मी महिनाभर अडले होते. तिच्या गाठोड्यात काय असेल? एक फ्रॉक, प्रार्थनेचं पुस्तक, सुईदोरा. गोदेची मूठभर मातीही लिहून पाहिली, पण ते खोटं वाटत होतं. शेवटी आईला फोनवर वाचून दाखवलं.

"माती कशाला गं," आई म्हणाली. "लहान पोर आहे ती. वाटेत भूक लागेल. दशम्या बांधून दे तिला."

मी इकडे निघाले तेव्हा आईने माझ्याही बॅगेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कोंबली होती. मिशनच्या स्वयंपाकघरात दशम्या कोण करणार? मग शरणपूरच्या वाटेवर शेती करणारी एक म्हातारी आणली, मुलीला अधूनमधून बोरं देणारी. काल रात्री ते पान पूर्ण झालं. म्हातारी कुंपणापाशी पहाटेच येऊन उभी आहे, आणि धडप्यात बांधलेल्या दशम्या अजून गरम आहेत.