घर नवं, सफरचंद जुनं

फिलिप मॉर्टन शँड (१८८८–१९६०) हा वास्तुकलेचा इंग्रज समीक्षक मला आवडतो तो त्याच्या जिभेच्या चोचल्यांमुळे. शिक्षण ईटन आणि केंब्रिजला, लग्नं चार. १९२७ साली खाण्यावर पुस्तक, पुढच्याच वर्षी फ्रेंच वाइनवर. असा खवय्या जुन्या दगडी हवेल्यांचे गोडवे गाईल असं वाटतं ना? पठ्ठ्याने बाजू घेतली ती काच, पोलाद आणि काँक्रीटची.

१९३० चं स्टॉकहोमचं आधुनिक वास्तुकलेचं प्रदर्शन बघून त्याने ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’त भरभरून लिहिलं. जर्मन वास्तुविशारद ग्रोपिउसचं पुस्तक इंग्रजीत आणलं. आधुनिक वास्तुविशारदांचा ‘मार्स’ गट उभा करण्यात वेल्स कोट्स, मॅक्सवेल फ्राय यांच्याबरोबर तोही होता. (हेच फ्रायसाहेब पुढे चंदीगडला घरं बांधायला आले.) १९३३ मध्ये फिनलंडच्या आल्व्हार आल्टो या वास्तुविशारदाचं फर्निचर त्याने लंडनला मांडलं, तेही फोर्टनम अँड मेसनमध्ये, जिथे बडी मंडळी चहा-मुरंबे घ्यायला जात! आल्टोचं तेव्हाचं तीन पायांचं स्टूल कुठे दिसलं तर वाकून बघा. बर्चचा सरळसोट पाय वर जाऊन काटकोनात वळतो. वळणाच्या जागी लाकडात उभ्या चिरा पाडायच्या, त्यांत पातळ पट्ट्या चिकटवून बसवायच्या, मग वाकवायचं. नक्षी म्हणाल तर ती चिकटवलेली रेघच.

आणि हाच माणूस नामशेष होत चाललेल्या सफरचंदांच्या जाती हुडकत हिंडायचा! बाजारात खपतील, दिसायला बरी आणि टिकाऊ असतील अशा मोजक्याच जाती लावायच्या आणि चवीच्या मरू द्यायच्या, हे त्याला बघवेना. घर नवं हवं आणि फळ जुनं, यात त्याला काही विसंगती वाटली नसावी. मलाही वाटत नाही. दोन्हीकडे त्याला बेचव माल नको होता.

म्हणूनच १९५८ चं त्याचं पत्र मला पटतं. कवी जॉन बेचमनला त्याने लिहिलं, की आपण ज्याचं कौतुक केलं त्याचा आता राक्षस झालाय. मुलांच्या ठोकळ्यांसारख्या अवाढव्य इमारती रचल्या जातायत, रात्री भयानक स्वप्नं पडतात. लोक म्हणतात, म्हातारपणी शँड फिरला. मी म्हणेन, जीभ तीच होती; वास्तुकलेतही एव्हाना बाजारी सफरचंदंच उरली होती.

त्याची नात कॅमिला, आताची ब्रिटनची राणी. १९८४ साली तेव्हाचा राजपुत्र चार्ल्सने ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेच्या दीडशेव्या वर्षाच्या सोहळ्यात, त्यांच्याच पंगतीला बसून, एका आधुनिक आराखड्याला गळू म्हटलं. २००५ मध्ये तोच शँडचा नातजावई झाला. आजेसासरे हयात असते तर इमारतींवरून दोघांत जुंपली असती की दोघांनी मिळून आर्किटेक्टांना झोडपलं असतं, देव जाणे. जेवण मात्र गोडीत झालं असतं, कारण जावयाने हायग्रोव्ह या आपल्या घराच्या बागेत जुन्या जातींची सफरचंदं लावली आहेत.