टेकडीवरचा सेक्टर: टिल्ट ३ अंशांवर का थांबवला

मास्ट उभा झाला, त्याला धरणारे ताण (तारा) ओढून झाले, खोऱ्यातल्या गावांना बिनतारी इंटरनेट देणारा सेक्टर अँटेना वर चढला. आता प्रश्न उरला टिल्टचा, म्हणजे अँटेनाचा झोत किती अंश खाली झुकवायचा याचा. ही नोंद फक्त त्याबद्दल, त्यामुळे आकडे जास्त आहेत. ज्यांना फोटो हवेत त्यांनी जरा धीर धरा.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुन्नर तालुक्यात कुकडीच्या खोऱ्याकडे तोंड करून असलेली टेकडी, माथ्यावर १२ मीटरचा मास्ट. परवाना, बिलं आणि ग्राहकांचे फोन हे सगळं माझ्या इंटरनेटवाल्या मित्राचं खातं. आराखडा, गणित आणि मोजमाप ही माझी हौस. रेडिओ ५.८ गिगाहर्ट्‌झचे. २०१८च्या अधिसूचनेने ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला, त्यात ईआयआरपीची (रेडिओची ताकद आणि अँटेनाची वाढ मिळून) मर्यादा ३६ डीबीएम; डीबीएम हे ताकदीचं माप. सेक्टर आडवा ९० अंशांचा, वाढ (गेन) १७ डीबीआय, उभा बीम, म्हणजे झोत, ८ अंश, आणि कारखान्यातूनच २ अंश इलेक्ट्रिकल टिल्ट असलेला, म्हणजे अँटेना सरळ उभा असतानाही बीम तेवढा खाली झुकलेला.

आधी टॉवरची उंची घेऊन टिल्ट काढायची सवय सोडली. प्रत्येक ग्राहक सेक्टरवरून किती अंश खाली दिसतो, ते काढलं. सेक्टर समुद्रसपाटीपासून ८७२ मीटरवर धरलाय.

पायथ्याची वाडी: ०.९ किमी, १६६ मीटर खाली, १०.४ अंश
शाळा: २.१ किमी, १८२ मीटर खाली, ५ अंश
मळ्यातली घरं: ४.२ किमी, १९८ मीटर खाली, २.७ अंश
नदीपलीकडचं गाव: ६.८ किमी, २०८ मीटर खाली, १.८ अंश
वरच्या अंगाचं गाव: ८.३ किमी, १३६ मीटर खाली, जेमतेम १ अंश

पृथ्वीची गोलाई यात धरली आहे, पण तिची भीती बाळगायचं कारण नाही. ८.३ किलोमीटरवर ती ४ मीटरच्या आसपास येते, म्हणजे कोनात ०.०३ अंश. लिंक मोकळी आहे का हे बघताना गोलाई लागते, टिल्ट काढताना नाही.

उंच्या एसआरटीएमच्या आहेत. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानाने रडारने मोजलेला हा डेटा साधारण ३० मीटरच्या चौकोनांत मिळतो. अरुंद माथा अशा चौकोनात सरासरीने बुटका दिसतो, झाडी असेल तर जमीन उंच दिसते. दूरच्या, म्हणजे वरच्या अंगाच्या, गावासाठी १० मीटरची चूक म्हणजे ०.०७ अंश, सोडून द्या. पायथ्याच्या वाडीसाठी तीच चूक ०.६ अंश होते. म्हणून वाडीची उंची मोबाइलच्या बॅरोमीटरने माथ्याशी जुळवून घेतली, बाकीच्या एसआरटीएमवर सोडल्या.

आता मुद्दा. मोबाइल टॉवरवाल्यांचं एक सूत्र सगळीकडे फिरत असतं: कव्हरेजच्या कडेचा कोन काढा, त्यात उभ्या बीमची निम्मी रुंदी मिळवा, झाला टिल्ट. आमच्यासाठी १ अधिक ४, म्हणजे ५ अंश. हे सूत्र शहरात बरोबर आहे. तिथे ५०० मीटरवर दुसरा टॉवर उभा असतो आणि आपला सिग्नल त्याच्या हद्दीत घुसू नये हाच टिल्टचा मुख्य हेतू असतो. कडेच्या ग्राहकाचे ३ डीबी, म्हणजे निम्मी ताकद, गेले तरी चालतं, त्याला शेजारचा टॉवर उचलून घेतो. आमच्या वरच्या अंगाच्या गावाला उचलून घ्यायला कोणी नाही.

दुसरी पद्धत त्याहून भाबडी: सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत वरचा कोन यांची मधली रेघ. ती ५.७ अंशांवर येते. दिसायला न्याय्य, पण अंतराचा विचारच नाही. ०.९ आणि ८.३ किलोमीटर यांच्या मोकळ्या हवेतल्या नुकसानात १९ डीबीचा फरक आहे. वाडीकडे १९ डीबी शिल्लक असताना तिच्याकडे बीम वळवणं म्हणजे उधळपट्टी. कालव्यासारखंच आहे हे: टेलला पाणी पोचलं की हेडवाल्याची काळजी करावी लागत नाही.

म्हणून टिल्ट ठरवायचा तो दूरच्या गावावरून, आणि वाडीला बीमच्या कडेवर जगू द्यायचं. किती कडेवर, एवढंच काढायचं राहतं. सगळे घटक सारख्या ताकदीने चालणारा साधा अॅरे (अँटेनातली घटकांची रांग) धरला, तर ८ अंशांच्या बीमचा पहिला नल, म्हणजे जिथे सिग्नल जवळपास नाहीसा होतो ती दिशा, मध्यापासून साधारण ९ अंशांवर पडतो. त्या हिशेबाने, मुख्य दिशेच्या तुलनेत होणारं नुकसान असं:

२ अंश टिल्ट: दूरचं गाव ०.२ डीबी, वाडी २३ डीबी
३ अंश टिल्ट: दूरचं गाव ०.७ डीबी, वाडी १४ डीबी
५ अंश टिल्ट: दूरचं गाव ३ डीबी, वाडी ६ डीबी
५.७ अंश टिल्ट: दोघांनाही ४.४ डीबी

दोन अंशांवर वाडी थेट नलच्या तोंडाशी जाते आणि १९ डीबीची सगळी शिल्लक संपते. तीनवर १४ जाऊनही वाडीकडे ५ उरतात. दूरचं गाव तीनवर जवळपास पूर्ण ताकदीत. पाचवर गेलो की त्याचे आणखी २.३ डीबी जातात आणि मिळतं काय, तर वाडीला नको असलेला जोर.

इथे अपलिंक, म्हणजे ग्राहकाकडून टेकडीकडे येणारा सिग्नल, विसरू नका. मर्यादा दोन्ही टोकांना ३६ डीबीएमच आहे. दूरच्या गावात २३ डीबीआयची डिश लावली की तिथल्या रेडिओला १३ डीबीएमवर आणावं लागतं. मग खाली जाताना ऐकणारा कान २३चा, वर येताना १७चा. म्हणजे गावाकडून टेकडीवर येणारा सिग्नल ६ डीबी कमजोर. त्यात माथ्यावरचा अँटेना सगळ्या खोऱ्याचं ऐकतो, इतर टेकड्यांवरचे टॉवरही ऐकतो. लिंक अडते ती वर, आणि बघणारा मात्र ग्राहकाच्या घरातला सिग्नल बघून खूश होतो.

मग जास्त टिल्ट देऊन क्षितिजाकडचा गोंगाट कापता येईल का? तीनवरून पाचवर गेलं तर क्षितिजाकडून येणारा गोंगाट ३.३ डीबी कमी होतो आणि दूरच्या गावाचा सिग्नल २.३. फायदा १ डीबी, तोही सगळा गोंगाट क्षितिजावरूनच येत असेल तर. डाउनलिंकमध्ये (टेकडीकडून ग्राहकाकडे) मात्र २.३ रोख जातात. माझ्या मते हा सौदा वाईट आहे. गोंगाटासाठी आधी चॅनल बदला, टिल्टला हात शेवटी लावा.

तर एकूण ३ अंश. त्यातले २ इलेक्ट्रिकल आत आहेतच, म्हणजे ब्रॅकेटवर द्यायचा मेकॅनिकल टिल्ट फक्त १ अंश. हे माझ्या पथ्यावर पडलं. मेकॅनिकल टिल्ट समोर जितका असतो तितका बाजूंना राहत नाही. समोर ६ अंश दिले तर ४५ अंश बाजूला ४.२च उरतात, ९० अंशांवर शून्य, आणि मागचा लोब (पाठीमागे सांडणारा सिग्नल) तर आकाशाकडे चढतो. इलेक्ट्रिकल टिल्ट सगळीकडे सारखा. दोन्हींतून निवडायची संधी असेल तर इलेक्ट्रिकल जास्त असलेला सेक्टर घ्या, भले थोडे पैसे जास्त पडोत.

पण १ अंश द्यायचा म्हणजे काय, हे वर गेल्यावर कळतं. ब्रॅकेटवर कोरलेली पट्टी पाइपच्या तुलनेत कोन दाखवते, जमिनीच्या तुलनेत नाही. मास्टच १ अंश कललेला असेल, म्हणजे १२ मीटरवर वरचं टोक २१ सेंटिमीटर सरकलेलं असेल, तर पट्टीवरचा आकडा कवडीमोलाचा. म्हणून आधी ओळंबा. दोरी वाऱ्याने हलत राहते, तर ओळंबा पाण्याच्या बादलीत सोडला की स्थिर होतो, ही गवंड्यांची जुनी युक्ती. दोन बाजूंनी, काटकोनात बघून ताण सारखे केले.

मग डिजिटल कोनमापक सेक्टरच्या पाठीवर. त्याच्या बुडाला चुंबक असतो, पण सेक्टरची पाठ ॲल्युमिनियमची, चिकटतो कशाला. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिने बांधला. वर चढलेला पोरगा तेरा नंबरचा पाना घेऊन खालचा बोल्ट आवळतो आणि कोनमापक १.० वरून १.५ वर जातो. पुन्हा सैल, ०.६ वर ठेव, मग आवळ, आता १.१. "दादा, आता बस का?" "बस, वरचा आवळ." वरचा आवळला की ०.९. यापेक्षा बारीक काम या ब्रॅकेटमध्ये होत नाही आणि गरजही नाही. मात्र शेवटचा आकडा सगळे बोल्ट आवळल्यानंतरचाच लिहायचा.

दिशेसाठी होकायंत्र वापरलं तरी आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, ९० अंशांच्या सेक्टरला तो जाणवत नाही. मोबाइल मात्र मास्टच्या लोखंडापासून लांब धरा.

मोजमाप. सगळीकडे ३६ डीबीएम ईआयआरपी, आकडे ग्राहकाच्या रेडिओवर पोचलेल्या ताकदीचे, डीबीएममध्ये (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला):

दूरचं गाव: हिशेब -६८, प्रत्यक्ष -७०
नदीपलीकडचं गाव: हिशेब -६६, प्रत्यक्ष -६७
शाळा: हिशेब -६३, प्रत्यक्ष -६३
वाडी: हिशेब -६९, प्रत्यक्ष -६४
मळा: हिशेब -६८, प्रत्यक्ष -७५

शाळा आणि दूरची दोन गावं हिशेबाला धरून आली. वाडी हिशेबापेक्षा ५ डीबीने बरी. कारण सरळ आहे: माझा हिशेब साध्या अॅरेचा, आणि बरेच उत्पादक नल थोडा भरून काढतात, शिवाय वाडीमागच्या कातळावरून परावर्तन येत असणार. खातरजमा करायला मुद्दाम ब्रॅकेट शून्यावर आणला, म्हणजे एकूण २ अंश. वाडी -७२ वर कोसळली, दूरचं गाव अर्ध्या डीबीनेही सुधारलं नाही. नल खरा आहे, फक्त तितका खोल नाही. एकूण ५ वर नेलं तर वाडी -५८ आणि दूरचं गाव -७२. मग परत ३ वर आणून बोल्ट पक्के केले.

मळ्याचं दुखणं वेगळं. तिथला कोन २.७ अंश, म्हणजे बीमच्या ऐन मध्यावर. टिल्टचा दोष असूच शकत नाही. ते घर सेक्टरच्या मधल्या दिशेपासून ४० अंश बाजूला आहे, त्याचे अडीचेक डीबी हिशेबात धरले होते. उरलेले ७ आंब्यांनी खाल्ले. घरासमोर बांधावर हापूसची रांग आहे आणि डिश नेमकी तिच्यामागे. घरातले आजोबा म्हणाले, "आंबा तोडायचा विषय काढू नका, बाकी काय ते करा." विषय काढलाच नव्हता. डिशचा पाइप गोठ्याच्या कडेला हलवला, -६९ मिळाले.

ऊसही लक्षात ठेवायचा. दूरच्या गावाच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर पहिल्या फ्रेनेल झोनची (सरळ रेघेभोवतीचा, सिग्नलला लागणारा पट्टा) त्रिज्या ५ मीटरच्या जवळ भरते, त्यातला ६० टक्के भाग, म्हणजे ३ मीटर, मोकळा हवा. टेकडीवरून येणारी रेघ तिथे जमिनीपासून १४-१५ मीटरवर आहे, म्हणून उभा ऊस चालतो. 

पुढचं काम वाडीचं. तिथे आणखी काही घरांनी विचारलंय, आणि बीमच्या कडेवर पाच-सहा घरं टांगणं मला पटत नाही. घराघरात एक-दोन अंशांचा फरक असला तरी तिथे सिग्नल बराच बदलतो. मास्टच्या मध्यावर ३० अंशांचा छोटा हॉर्न अँटेना, १० अंश खाली, वेगळ्या चॅनलवर, असा बेत आहे. हॉर्न आला तरी मुख्य सेक्टर वर उचलणार नाही. दोनवर नेलं तर दूरच्या गावाला अर्धा डीबी मिळेल आणि क्षितिजाकडचा गोंगाट जवळपास एका डीबीने वाढेल.

कोणाकडे अशा १७ डीबीआय सेक्टरचा उभा पॅटर्न अर्ध्या अंशाच्या पायरीने मोजलेला असेल तर पाठवा. डेटाशीटवरचं गोल चित्र नको. त्यावरून १० अंशांचा आकडा वाचता येत नाही.