पबच्या माडीवर तीन रात्री

"तीन रात्री आपण एका पबमध्ये राहणार आहोत," असे मी सांगितले तेव्हा आईने मेथी निवडणे थांबवून माझ्याकडे पाहिले. पुण्यात पब म्हटले की कोरेगाव पार्कातला उशिरापर्यंत चालणारा दणदणाट डोळ्यांपुढे येतो, आणि आमच्या घरात तर दारूचा थेंबही कधी आलेला नाही. त्यामुळे "अगं, गुत्त्याच्या माडीवर राहायचं का आपण?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. भाऊ कार्डिफमध्ये नोकरी करतो. दिवाळीच्या आधी त्याला भेटायला आम्ही दोघी निघालो होतो आणि शुक्रवार ते सोमवार वेल्सच्या ग्रामीण भागात काढायचे मी ठरवले होते. परत आल्यापासून ओळखीतल्या अनेकांनी आईसारखाच प्रश्न विचारला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पब हे 'पब्लिक हाउस' या शब्दांचे आखूड रूप आहे. वेल्श भाषेत त्याला 'तवार्न' म्हणतात. ज्या काळी वेल्सचे गुराखी आपल्या जनावरांचे कळप पायी हाकत इंग्लंडच्या बाजारांकडे नेत, त्या काळी वाटेवरच्या अशा घरांत माणसांना जेवण व अंथरूण आणि जनावरांना चारा मिळे. म्हणजे खाली बैठक आणि वर मुक्कामाच्या खोल्या ही रचना पर्यटकांसाठी अलीकडे केलेली सोय नव्हे. आपल्याकडच्या धर्मशाळेची, खाणावळीची आणि गावच्या पाराची कामे एकाच छपराखाली आली, तर जे तयार होईल ते साधारण असे असेल.

आमचे खेडे क्रिकहॉवेल या छोट्या गावाजवळ, अस्क नदीच्या खोऱ्यात होते. हा सगळा भाग ब्रेकन बीकन्स राष्ट्रीय उद्यानात येतो. 2023 पासून उद्यानाने आपले मूळ वेल्श नाव, 'बानाय ब्रुखाइनिओग', वापरायला सुरुवात केली आहे. खोलीत शिरताना डोके सांभाळावे लागत होते, कारण चौकट जुन्या काळच्या माणसांच्या उंचीची होती. भिंती हातभर जाडीच्या दगडी, छताला काळपट तुळया, जमीन खिडकीकडे किंचित उतरती, पलंगावर जाड लोकरी पांघरूण आणि कोपऱ्यात चहाची किटली, एवढाच पसारा होता. बाहेर पाऊस अखंड लागला होता. आपल्याकडच्या श्रावणसरींसारखा तो पडून मोकळा होत नाही. थंडगार, बारीक आणि चिवट असतो, आणि म्हणूनच उबेची किंमत तिथे पुरेपूर कळते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते: बैठकीच्या थेट वरची खोली घेऊ नये. रात्री अकराला पब बंद होईपर्यंत खालचे बोलणे पाटाईतून वर येत राहते, आणि आईला पहिल्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तीच म्हणाली, "वर पडून ऐकण्यापेक्षा खाली जाऊन बसू या." भिंतीतल्या मोठ्या फायरप्लेसमध्ये लाकडे जळत होती, दाराशी चिखलाचे बूट ओळीने काढून ठेवलेले होते आणि एक म्हातारा कुत्रा विस्तवापुढे पसरला होता. टेबलापाशी येऊन कोणी ऑर्डर घेत नाही. आपणच बारपाशी जाऊन टेबलाचा क्रमांक सांगायचा आणि पैसे तिथेच द्यायचे असतात. आईने गरम चॉकलेट मागितले. तुम्ही पीत का नाही, असे तीनही रात्रींत आम्हाला कोणीही विचारले नाही.

शेजारच्या टेबलावरच्या वृद्ध शेतकऱ्याला आईने आपला पुण्यातला संकोच सांगितला (दुभाषी अर्थातच मी), तेव्हा त्याने मान डोलावली आणि आपली आजीही पबचा उंबरा ओलांडत नसे असे सांगितले. वेल्समध्ये चॅपलांचा (म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघरांचा) आणि दारूबंदी चळवळीचा प्रभाव इतका होता की 1881 साली ब्रिटिश संसदेने खास वेल्ससाठी कायदा करून रविवारी पब बंद ठेवायला लावले. 1961 पासून त्या त्या भागातल्या लोकांनी मतदान करून ही बंदी उठवायला सुरुवात केली, आणि वायव्येकडच्या द्वीवोर भागात ती 1996 पर्यंत टिकली. जी शंका आई पुण्याहून मनात घेऊन आली होती, ती या खोऱ्यातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरली होती, हे कळल्यावर ती बरीच मोकळी झाली.

शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात ही समजूत खरी नाही. ग्लॅमॉर्गन सॉसेज नावापुरतेच सॉसेज. ते चीज, लीक नावाची कांद्याच्या जातीची भाजी आणि पावाचा चुरा यांचे असते, आणि आईने ते दोनदा खाल्ले. वेल्श रॅरबिट, म्हणजे टोस्टवर ओतून भाजलेले मोहरीयुक्त चीज, मात्र चौकशी करूनच घ्यावे. त्यात बहुधा बिअर असते, आणि वूस्टरशर सॉस घातला असेल तर त्यात अँकोव्ही हे मासेही येतात.

शनिवारी पाऊस थोडा उघडल्यावर आम्ही क्रिकहॉवेलच्या जुन्या दगडी पुलावर गेलो. त्याच्या कमानी एका बाजूने 12 आणि दुसऱ्या बाजूने 13 भरतात. आईने दोन्हीकडून मोजून खात्री केली. गावाच्या डोक्यावर 451 मीटर उंचीचा क्रुग हवेल हा सपाट माथ्याचा डोंगर आहे. त्यावर लोहयुगीन कोटाचे अवशेष आहेत, आणि गावाचे नावही त्याच्यावरूनच पडले आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो माथा पाहताच किल्ला आठवतो. जवळच ग्वर्नव्हेल नावाची वास्तू आहे. ज्या जॉर्ज एव्हरेस्टने भारताच्या महासर्वेक्षणाचे काम वर्षानुवर्षे चालवले आणि ज्याचे नाव पुढे जगातल्या सर्वोच्च शिखराला दिले गेले, त्याच्या कुटुंबाची ती मालमत्ता होती. डोंगर चढणे आईच्या गुडघ्यांमुळे राहिले. परतताना रस्त्यावर रंगवलेला 'अराव' हा शब्द तिने ओळखला. त्याचा अर्थ 'सावकाश'. त्या भागात बोलण्यात इंग्रजीच अधिक आहे, पण पाट्यांवर वेल्श आवर्जून असते.

रविवारी दुपारी बैठक आजी-आजोबांपासून रांगत्या पोरांपर्यंत भरून गेली होती, कारण रविवारचे जेवण घरोघरची मंडळी तिथेच घेतात. संध्याकाळी मात्र स्वयंपाकघर बंद होते. खेड्यातल्या पबमध्ये हे नेहमीचे असल्याने आरक्षण करतानाच जेवणाच्या वेळा विचारून ठेवाव्यात. मी ते केले नव्हते. मालकीणबाईंनी कळल्याबरोबर पाव, चीज आणि टोमॅटो आणून दिले आणि त्याचे पैसे घ्यायला त्या तयार होईनात. आईने भावाला देऊन उरलेला दिवाळीचा चिवडा पिशवीतून काढला, खोलीतल्या वाटीत भरला आणि तिखट आहे असे मला दोनदा सांगायला लावून त्यांच्या हातात ठेवला. त्या रात्री ती वाटी बारवर फिरत राहिली.

सोमवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर वाटी परत आली. ती रिकामी नव्हती. तिच्यात तव्यावरून नुकतेच उतरलेले दोन वेल्श केक होते.